कोसळलेले छप्पर आणि लहान मंडळी : चर्चच्या दुरुस्तीचे काम कसे उभे करावे

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात १८३१ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या आणि इतर मिशनांनी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दगडी भिंतींची, सागवानी कैच्यांची आणि कौलारू छपरांची उपासनामंदिरे बांधली. बांधताना पैसा मिशनचा होता; आज त्यांतील कित्येकांची देखभाल चाळीस-पन्नास कुटुंबांच्या मंडळीकडे, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समूहाकडे, आहे, आणि त्या कुटुंबांत शेतमजूर, ऊसतोड कामगार, शिक्षक, परिचारिका व निवृत्तिवेतनावर जगणारी वडीलधारी माणसे असतात. अशा चर्चचे छप्पर एखाद्या पावसाळी रात्री खाली आले, की अभियंत्याने सांगितलेला खर्चाचा आकडा वर्षभराच्या अर्पणाच्या कितीतरी पट निघतो. पुढील मार्गदर्शन अशा मंडळीच्या पाळकांसाठी (धर्मोपदेशकांसाठी) आणि पास्टरेट कमिटीसाठी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसाठी, लिहिले आहे. या काळात मंडळीचा विश्वास मुख्यतः दोन गोष्टींवर टिकतो, असे माझे मत आहे : रविवारची उपासना एकदाही चुकू नये, आणि पैशाचा हिशेब एकदाही झाकला जाऊ नये.

पहिले काही दिवस

पडझड झाली की तरुण मुले मदतीच्या ओढीने लगेच आत शिरतात आणि बाक, पेटी, पुलपीट बाहेर काढू लागतात. त्यांना थांबवणे हे कमिटीचे पहिले काम आहे. छपराचा एक भाग पडल्यावर उरलेल्या कैच्यांवरचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांवरचा) भार बदलतो, आणि मातीत बांधलेली दगडी भिंत पावसाने भिजलेली असेल तर वरचा आधार सुटल्यानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही ती ढासळू शकते. म्हणून विजेचा मुख्य स्विच बंद करावा, इमारतीभोवती दोरी बांधावी, लहान मुलांना आवारातच येऊ देऊ नये, आणि जाणकार गवंडी किंवा अभियंता पाहून जाईपर्यंत कोणीही आत पाऊल टाकू नये. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींपासून विशेष लांब राहावे, कारण त्यांना छपराचाच आधार असतो.

ढिगारा हलवण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत पडलेले सामान शक्य तितके जागेवर ठेवावे. विम्याची रक्कम इमारतीच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी ठेवलेली असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते, ही गोष्ट कमिटीने आधीच समजून घ्यावी. तलाठ्याकडून पंचनामा अवश्य करून घ्यावा. मात्र नैसर्गिक आपत्तीतील सरकारी मदतीचे निकष प्रामुख्याने घरे, पिके आणि जनावरे यांच्यासाठी आखलेले असल्यामुळे त्या पैशावर दुरुस्तीचा बेत बांधू नये.

एका गोष्टीकडे बहुतेक ठिकाणी उशिरा लक्ष जाते, ती म्हणजे कपाटातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या. छप्पर पुन्हा घालता येते, पण आजोबांच्या बाप्तिस्म्याची एकमेव नोंद भिजून चिकटली तर ती पुन्हा मिळत नाही. विवाहाच्या नोंदींना तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे. आत जाणे सुरक्षित ठरताच सर्वांत आधी हे कपाट बाहेर आणावे. भिजलेल्या वह्या उन्हात टाकू नयेत आणि चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत. त्या सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद किंवा कोरा कागद घालून आणि तो वरचेवर बदलून वाळवाव्यात, आणि वाळल्यावर प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

ढिगारा उपसताना अखंड कौले, फुटकी कौले आणि लाकूड यांचे वेगवेगळे ढीग करावेत. जुन्या सागवानाला चांगली किंमत असते आणि भंगारवाले दुसऱ्याच दिवशी दारात उभे राहतात. प्रत्येक वासा मोजून, त्याची यादी करून, कुलपात ठेवावा; मंडळी शोकात असताना एकही लाकूड विकू नये.

पाळकांनी पहिल्या रविवारी काय बोलावे

पडझडीनंतर कोणीतरी म्हणतेच की हा देवाचा कोप आहे, किंवा मंडळीतील अमक्या भांडणाचे हे फळ आहे. हा विचार एकदा पसरला की वर्गणीपेक्षा आरोपच जास्त गोळा होतात, त्यामुळे पाळकांनी पहिल्याच उपदेशात त्याला उत्तर द्यावे. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेल्याची गोष्ट येते, आणि ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असे मानण्यास येशू तेथे स्पष्ट नकार देतो. कैची कुजली ती तिचे टोक भिंतीतल्या ओलीत वर्षानुवर्षे बसून होते म्हणून, आणि पन्हाळ तुंबली ती कोणी साफ केली नाही म्हणून. या कारणांत देखभालीचा धडा आहे, शिक्षा नाही. त्याच रविवारी खर्चाचा आकडा सांगण्याची घाई करू नये, कारण तो अजून कोणालाच ठाऊक नसतो. बायबलमधील नहेम्याने यरुशलेमच्या पडक्या तटाची पाहणी रात्री थोड्या माणसांना बरोबर घेऊन केली आणि लोकांपुढे बेत मांडला तो पाहणी झाल्यानंतर. हाच क्रम आजही उपयोगी पडतो.

इमारत कोणाच्या नावावर आहे

खर्चाचा अंदाज घेण्यापूर्वी मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून पाहावा. उत्तर भारतीय चर्च म्हणजे सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झाले आणि अनेक मिशनांच्या मंडळ्या त्यात आल्या, तरी कित्येक ठिकाणी कागदावर अजून जुन्या मिशनचे किंवा एखाद्या ट्रस्ट असोसिएशनचे नाव असते. त्यामुळे स्थानिक कमिटी इमारतीची राखणदार असते, मालक नसते, आणि मोठ्या दुरुस्तीस डायोसीसची (बिशपच्या अखत्यारीतील धर्मप्रांताची) लेखी परवानगी लागते. कॅथलिक धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) धर्मगुरूंना धर्मप्रांताची संमती घ्यावी लागते. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असलीच पाहिजे, असे त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतच सांगितलेले आहे. ही परवानगी मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा आणि त्याची पोचपावती जपून ठेवावी. तीच कौले, तीच उंची आणि तेच क्षेत्रफळ ठेवून केलेली दुरुस्ती आणि नव्याने बांधकाम यांना नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे नियम वेगळे असतात, याचीही आधी चौकशी करावी.

हाताशी पैसा नसला की दोन सूचना हमखास पुढे येतात : आवारातील थोडी जागा विकावी, किंवा कर्ज काढावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाड्याने देण्यासही ही परवानगी लागते, आणि न्यासासाठी कर्ज काढतानाही ती घ्यावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी लहान मंडळीने या दोन्ही मार्गांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याकडेची जागा एकदा गेली की ती परत येत नाही. एखाद्या श्रीमंत सभासदाकडून हातउसने घेतलेले पैसे तर बँकेच्या कर्जाहून अधिक जड पडतात, कारण त्यानंतर कमिटीच्या प्रत्येक बैठकीत त्याच्या मताचे वजन वाढत जाते.

पैसा कसा गोळा करावा आणि कसा सांभाळावा

आधी किमान दोन लेखी अंदाजपत्रके घ्यावीत आणि ती कामाच्या टप्प्यांनुसार मागावीत : भिंतींना आधार देणे, कैच्या, रिपा व कौले, गिलावा, वीज, रंग. जुनी इमारत उघडल्यावर आत कुजके लाकूड आणि पोकळ भिंत निघतेच, म्हणून एकूण रकमेवर आणखी पंधरा ते वीस टक्के धरून ठेवावेत. एकच मोठा आकडा मंडळीला दडपून टाकतो. पहिल्या टप्प्याचा आकडा मात्र आवाक्यातला वाटतो, आणि तो पूर्ण झालेला डोळ्यांनी दिसला की दुसऱ्यासाठी हात सैल सुटतो.

या बाबतीत शास्त्रातील सर्वांत उपयोगी उतारा राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात आहे. योवाश राजाच्या कारकिर्दीत मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा येत होता, तरी तेविसावे वर्ष उजाडले तेव्हाही याजकांनी भगदाडे बुजवलेली नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली; पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजत आणि तो थेट काम करणाऱ्यांच्या मुकादमांकडे जाई. दुरुस्तीचा पैसा वेगळा ठेवणे, मोजणारे दोन असणे आणि पैसा नित्याच्या खर्चात न मिसळणे, हे तिन्ही नियम त्यात आले. प्रेषित पौलानेही यरुशलेमसाठीची वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणाला दोष ठेवण्यास जागा राहू नये म्हणून त्याने बरोबर इतर माणसे घेतली, असे त्याने करिंथकरांना लिहिले आहे. ज्या कमिटीला हिशेब मागणे हा अविश्वास वाटतो, तिने हे दोन उतारे बैठकीच्या आरंभी वाचावेत.

प्रत्यक्षात असे करावे. दुरुस्तीसाठी मंडळीच्या किंवा न्यासाच्या नावाने वेगळे बँक खाते उघडावे आणि पैसे काढण्यास दोन सह्या ठेवाव्यात. दाराशी लावायचा क्यूआर कोड त्याच खात्याचा असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या फोनवर पैसे घेणे कितीही सोयीचे वाटले तरी ते करू नये, कारण त्यातून प्रामाणिक माणसाचीही नाहक बदनामी होते. रोख अर्पण उपासना संपताच दोघांनी मोजून, वहीत लिहून, सह्या करून मगच चर्चच्या बाहेर पडावे. प्रत्येक देणगीची पावती द्यावी. महिन्याच्या ठरावीक रविवारी, निवेदनांच्या वेळी, जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे मोठ्याने वाचावेत आणि कागद फलकावर लावावा. त्यानंतर लगेच उपकारस्तुतीची प्रार्थना करावी, म्हणजे हिशेब हा उपासनेचाच भाग आहे हे मंडळीच्या अंगवळणी पडते.

वर्गणी सर्वांना सारखी लावू नये. समजा पहिल्या टप्प्याला सहा लाख रुपये लागणार आहेत आणि चाळीस कुटुंबे आहेत, तर भागाकार पंधरा हजार येतो. दोन वर्षांत विभागला तर तो महिना सव्वासहाशे होतो. नोकरदार घराला हे जमेल, पण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला दरमहा रकमेचा काहीच अर्थ नसतो. त्यांची आवक मुकादमाच्या उचलीवर आणि हंगाम संपल्यावरच्या हिशेबावर चालते. म्हणून प्रत्येक घराने बंद पाकिटात आपली रक्कम आणि आपली तारीख स्वतः लिहून द्यावी, आणि ती पाळकांखेरीज फक्त खजिनदाराने पाहावी. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे जवळची शेवटची दोन लहान नाणी अर्पण करणाऱ्या विधवेची, गोष्ट अशा वेळी पुलपिटावरून वारंवार सांगितली जाते. ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याला ती ऐकताना खाली पाहावे लागते, म्हणून ती सांगणाऱ्याने समोर कोण बसले आहे याचा विचार करावा. जे पैसे देऊ शकत नाहीत त्यांची एक दिवसाची मजुरी वहीत देणगी म्हणूनच नोंदवावी. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात तटाचा कोणता भाग कोणत्या घराने बांधला याची यादीच आहे, आणि अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. सोनार आणि अत्तरे बनवणारेही त्या कामावर होते.

सुगीच्या सणाला आलेल्या धान्याचा, भाजीचा, कोंबड्यांचा लिलाव ही आपल्या मंडळ्यांची जुनी रीत आहे आणि ती या कामी फार चांगली चालते, कारण पाच रुपयांचा भोपळा पाचशेला घेणारा माणूस हसत हसत देतो. पुण्या-मुंबईला गेलेल्या, याच मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या कुटुंबांना छायाचित्रांसह पत्र लिहावे आणि पहिल्या टप्प्याचा नेमका आकडा कळवावा. शेजारचे हिंदू किंवा मुसलमान गावकरी वाळू, ट्रॅक्टर किंवा दिवसभराचे श्रम देऊ करतील तर ते आनंदाने स्वीकारावेत आणि त्याची नोंद त्याच वहीत करावी.

दोन ठिकाणी मात्र जपून राहावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांची देणगी ही कायद्याने परकीय देणगी ठरते. ती फक्त परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला, दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरवून दिलेल्या शाखेतील खात्यात घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ती पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या, परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम या कायद्यात परकीय देणगी मानली जात नाही. दुसरी बाब आयकराची. केवळ धार्मिक कार्यासाठीच्या न्यासाला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला सरसकट करसवलत मिळत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रसिद्ध किंवा ऐतिहासिक प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा अपवाद आहे. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय कोणालाही सवलतीचे आश्वासन देऊ नये.

कौले की स्लॅब

यावर मंडळीत वाद होणारच. वडीलधाऱ्यांना जसे होते तसे हवे असते आणि तरुणांना एकदाचा सिमेंटचा स्लॅब टाकून कायमची काळजी मिटवायची असते. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया घातला गेला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि बाकीच्यांनी जयघोष केला, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ओळखू येईनासे झाले. कमिटीने वृद्धांचे रडणे हट्ट समजू नये. त्यांची लग्ने आणि त्यांच्या आईवडिलांच्या अंत्यविधीच्या उपासना त्या छपराखाली झालेल्या असतात.

निर्णय मात्र भिंती पाहून घ्यावा. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीवर स्लॅबचे ओझे टाकणे धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड धाबी यांखाली हजारो माणसे गेली, आणि मराठवाड्यात हे कोणाला पुन्हा सांगावे लागत नाही. हलके, नीट बांधलेले छप्पर अशा भिंतींना मानवते. भिंतीतील भेग जुनी आहे की वाढते आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग चालू आहे, आणि तिचे कारण सापडेपर्यंत वर काहीही चढवू नये. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये, कारण ओल आत कोंडली जाते आणि काही वर्षांत गिलावा दगडाचे पापुद्रे घेऊन सुटतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळवण्यास वेळ लागला तरी तो घ्यावा.

कैच्यांची जी टोके भिंतीत बसतात ती प्रथम कुजतात. अणकुचीदार पोलादी सळईने टोचून पाहिले की वाळवी आणि कुज लगेच कळते. सबंध कैची बदलण्याऐवजी कुजलेले टोक कापून नवे लाकूड लोखंडी पट्ट्यांनी जोडता येते, आणि खर्च बराच कमी होतो. कौले घेताना जुन्या कौलाच्या पाठीवरील छाप पाहावा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अशा कारखान्यांची रांगच उभी राहिली. कारखान्यागणिक कौलाचे माप आणि खाच थोडी वेगळी असल्यामुळे एकाचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि पाणी आत येते. यासाठी अखंड निघालेली सर्व जुनी कौले छपराच्या एका उतारावर आणि नवी दुसऱ्या उतारावर घालावीत.

वेळापत्रक मृगापासून उलटे मोजावे. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी छप्पर पूर्ण व्हायचे असेल तर कैच्या एप्रिलपर्यंत चढल्या पाहिजेत, आणि त्यासाठी लाकूड जानेवारीत आवारात हवे. तोपर्यंत उघड्या भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री घट्ट बांधून ठेवावी. छपराइतकेच भिंतीच्या माथ्याचे भिजणे वाईट असते.

काम चालू असताना उपासना

जागा कोणतीही चालेल, वेळ मात्र बदलू नये. शाळेची खोली, आवारातील मंडप किंवा आळीपाळीने सभासदांची घरे यांपैकी जे जमेल ते घ्यावे, पण सकाळी साडेनऊची उपासना साडेनऊलाच सुरू व्हावी. घंटेचा मनोरा अभियंत्याने सुरक्षित ठरवला असेल तर घंटा रोजच्याप्रमाणे वाजवावी, कारण गावाला मंडळी जागेवर असल्याचे तिच्यामुळे कळते. ज्या वृद्धांना घरोघरी चढ-उतार जमत नाही त्यांच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन जावे. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत त्या आठवड्याचे नेमके काम नाव घेऊन देवापुढे ठेवावे : परवानगीचा कागद, लाकडाचा भाव, उंचावर चढणाऱ्या सुताराची सुरक्षा. मोघम प्रार्थनेपेक्षा अशा प्रार्थनेला माणसे अधिक मनापासून येतात, आणि पुढच्या शुक्रवारी उत्तर काय मिळाले हेही विचारतात.

दुरुस्ती लांबली की आठव्या-दहाव्या महिन्यात मरगळ येते. पाकिटे कमी होतात, कमिटीत कुरबूर वाढते आणि पाळकांची बदलीही नेमकी तेव्हाच होऊ शकते. यासाठी प्रत्येक टप्पा संपल्यावर छोटी उपकारस्तुतीची उपासना ठेवावी, मजुरांना आणि गवंड्यांना सन्मानाने जेवायला बसवावे, आणि दुरुस्तीची संपूर्ण फाईल अशी ठेवावी की नव्या पाळकांना ती वाचून एका संध्याकाळी सर्व समजेल. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या बाकांवर लावण्याची टूम निघेल; ती नम्रपणे नाकारावी, कारण ज्यांनी मजुरी दिली त्यांच्या पाट्या कोणी लावत नाही.

छप्पर झाल्यावर

दुरुस्तीचे खाते बंद करू नये. दर महिन्याच्या अर्पणाचा ठरावीक भाग, थोडा का होईना, त्यात देखभालीसाठी जात राहावा, आणि तसा ठराव वार्षिक सभेत लिहून घ्यावा. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दोन माणसांनी शिडी लावून पन्हाळी, कोन्यांची कौले आणि कैच्यांची टोके तपासावीत आणि वहीत तारखेसह लिहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीत कौले, पत्रे आणि ती चढवणारे कारागीर या सर्वांचीच टंचाई झाली होती. म्हणून त्याच मापाची शे-दोनशे कौले जादा घेऊन ती आवारात, सावलीत, उभी रचून ठेवावीत, आणि कोणत्या कारखान्याची, कोणत्या भावाने, कोणाकडून घेतली त्याचे बिल फाईलच्या पहिल्याच पानाला टाचून ठेवावे.